एक खडा दोनदा

७ जानेवारी

चौकातल्या बँकेत नवा व्यवस्थापक आला आहे. आमचा शिपाई, ज्याला साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे मामा म्हणतात, सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाला, "टाय लावून फिरतो हो उन्हात. बँक सांभाळायला आलाय की मुलगी बघायला, काही कळत नाही." मी हसलो. मग मामाने त्याचं आडनाव सांगितलं आणि मी कप खाली ठेवला.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. बारा वर्षं या घरात ते कोणी उच्चारलेलं नाही, मग वहीत तरी कशाला. 'तो' म्हटलं की मला पुरतं. माझी धाकटी बहीण सहा वर्षं त्याच्या घरात नांदली आणि एका दुपारी एक बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं? चेहऱ्यावर दिसत होतं सगळं. पुढच्या आठवड्यात मी तिचं शिलाई मशीन परत आणायला त्याच्याकडे गेलो. वडिलांनी दोन हंगामांची बचत घालून तिला ते घेऊन दिलं होतं. त्याने मला फाटकाच्या आत घेतलं नाही. मी जरा मोठ्याने बोललो असेन. भाऊ आहे मी. "मशीन मिळणार नाही," एवढंच म्हणाला आणि आतून कडी लावली. मी उन्हात उभा. शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबून माझ्याकडे बघत होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की मी शेवटी एक वाक्य जोडतो. 'देवा, त्याच्याकडे बघ.' जास्त काही मागत नाही. कसं बघायचं ते देवाला कळतं.

आज ते वाक्य म्हणताना वाटलं, ऐकलं बहुतेक देवाने. आणि बघायचं काम माझ्याच टेबलावर पाठवून दिलं.

१० जानेवारी

ही आज म्हणाली, "सगळ्या पालिकेचे कोटी तुमच्या हातात, आणि घरचा पंखा बदलायला सहा महिने."

मी म्हटलं, "ते पैसे माझे नाहीत म्हणून तर माझ्या हातात आहेत."

"मग पंखासुद्धा पालिकेचा करून टाका."

तिला थट्टा वाटते, पण माझ्या कामाचं सार त्यात आहे. पालिकेत पैसा एकदम येतो आणि खर्च रांगत रांगत होतो. पाण्याच्या टाकीचं अनुदान आलं, पण टाकी उभी राहायला दोन वर्षं. मधल्या काळात पडून राहणाऱ्या पैशाला आम्ही शिल्लक म्हणतो. तो कपाटात ठेवला तर सडतो आणि भलत्या ठिकाणी ठेवला तर बुडतो. म्हणून नियम असा की आधी पैसा सुरक्षित राहिला पाहिजे, मग लागेल तेव्हा हातात आला पाहिजे, आणि व्याजाचा विचार सगळ्यांत शेवटी. बँकांकडून बंद पाकिटात दर मागवायचे, सगळ्यांसमोर पाकिटं फोडायची, ज्याचा दर चांगला त्याच्याकडे ठेव. आणखी एक कलम मीच टिपणी लिहून मंजूर करून घेतलं होतं. एका बँकेत एकूण शिल्लकेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पैसा नको. एक भिंत पडली तरी घर उभं राहावं.

गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला नदीतले खडे घेऊन मोजायला शिकवायचे. मोजलेला खडा उजवीकडे सरकवायचा, पुन्हा त्याला हात लावायचा नाही. "एक खडा दोनदा मोजलास की सगळं गणित तुझ्यावर हसतं," म्हणायचे. मी पदवीला गेलो नाही. त्या खड्यांवरच तेवीस वर्षं नोकरी केली. एकही आक्षेप नाही.

धाकटीला मी 'तो' गावात आल्याचं सांगितलेलं नाही. उगाच जखमेवरची खपली काढायला नको. हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "तिला माहीत नसेल असं वाटतंय का तुम्हाला? केवढंसं गाव आहे हे."

"माहीत असतं तर ती रडली असती."

ही कणीक मळायला लागली.

१८ जानेवारी

तो आला.

केस कानांवर पांढरे झाले आहेत. टाय आहे. दारात थांबून म्हणाला, "येऊ का?" मी मान हलवली.

"ओळखलंत ना, दादा?"

"इथे मला लेखापाल म्हणतात."

"बरं." बसला. बॅग मांडीवर घेतली, शाळेतल्या मुलासारखी. "आमच्याकडे पालिकेची दोन कोटींची ठेव आहे. तिची मुदत फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला भरते. तुम्ही त्यात एक कोटी घालून तीन कोटींसाठी दर मागवणार असं ऐकलं. आम्ही चांगला दर देऊ. एवढंच सांगायला आलो."

"पाकिटात द्या. तोंडी दर आम्ही ऐकत नाही."

"नाही नाही, नियमानेच." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "तुमच्या बहिणीने तुम्हाला..."

"बहिणीचा विषय या खोलीत नको."

"मी विषय काढत नाही. ती तुम्हाला काही बोलली नाही का, एवढंच."

"ती तुमच्याबद्दल बारा वर्षांत एक शब्द बोललेली नाही."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू कीव माझीच करायची आहे. मग नमस्कार करून निघून गेला. शरमला असेल. शरमायलाच हवं.

तो गेल्यावर मी पंखा वाढवला. 

२ फेब्रुवारी

धाकटी हल्ली दुपारची बाहेर असते. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बाईकडे ती शिवणकाम करते, तिथलंच काम वाढलं असेल. आज मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून जेवायला बसली. ही म्हणाली, "अगं, माळ काढ ती, लग्न लागल्यासारखी काय बसलीस?" दोघी हसल्या. किती दिवसांनी तिला मोठ्याने हसताना ऐकलं.

जेवताना तिने विचारलं, "दादा, बँकेचं कर्ज घ्यायला जामीन लागतोच का?"

"कोणाला हवंय कर्ज?"

"असंच. शिवणवाल्या बायका विचारत होत्या. सहाजणी मिळून एक गाळा घ्यावा म्हणतात."

"बायकांचं असलं टिकत नाही. आणि जामीन लागतोच. त्याशिवाय कोण देणार?"

"एखाद्याला माणसाची खात्री असेल तर?"

"बँकेला माणसाची खात्री नसते, मालमत्तेची असते."

ती "बरं" म्हणाली आणि ताट उचललं. हिने मला टेबलाखालून पाय मारला. का ते कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "चुकून लागला."

११ फेब्रुवारी

आज त्याला मी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. साहेबांकडे काही खास काम नव्हतं, तरी जाऊन बसलो. आमचे मुख्याधिकारी साहेब भला माणूस, त्यांनी मला कालच्या सभेचा किस्सा दुसऱ्यांदा सांगितला आणि मी दुसऱ्यांदा हसलो. बाकावर दुपारी ऊन येतं. मला ते माहीत आहे. त्यालाही आज कळलं.

परत आलो तेव्हा त्याने टाय सैल केला होता. मला बरं वाटलं. हे लिहितो आहे कारण ही वही माझी आहे, आणि देवापासून तसंही काही लपत नाही.

तो म्हणाला, "स्पष्टच सांगतो. आमच्या मुख्य कचेरीने शाखेला ताकीद दिली आहे. ठेवी खाली गेल्या तर कर्ज मंजूर करायचे अधिकार काढून घेतील. नुसता पैसे भरायचा-काढायचा गल्ला उरेल. माझ्याकडे दहा-बारा अर्ज तयार आहेत. छोटी माणसं आहेत, त्यांना दुसरीकडे कोणी उभं करत नाही."

"छोट्या माणसांची कळकळ तुम्हाला कधीपासून?"

तो म्हणाला, "मी मेहेरबानी मागत नाही. दर आमचा चांगला असला तर नियमाने द्या, एवढंच म्हणतो."

"नियमानेच होईल," मी म्हटलं.

आणि हे मी खरंच बोललो. मला नियमाबाहेर एक पाऊल टाकायचं नाही. नियमाच्या आतच त्याला फाटकाबाहेर उभं करायचं आहे.

२० फेब्रुवारी

सापडलं!

सकाळी देवासमोर बसलो असताना सुचलं, म्हणून ते देवाकडूनच आलं असं धरतो.

एकूण शिल्लक बारा कोटी, त्यातले पाच सरकारी कोषागारात. एका बँकेची मर्यादा चार. त्याच्याकडे दोन आहेत, त्यांची मुदत अठ्ठावीसला भरते. त्याच दिवशी तीन कोटींची नवी ठेव द्यायची. आजवर मी अशा वेळी जुनी ठेव सुटली असं धरत आलो, कारण नव्या ठेवीत तिचेच पैसे असतात. पण कलमात तसं कुठे लिहिलेलं नाही. कलम म्हणतं, 'ठेव ठेवण्याच्या दिवशी बँकेत असलेली रक्कम.' अठ्ठावीसच्या सकाळी ते दोन कोटी त्याच्याकडेच असतील. दोन आणि तीन पाच. पाच म्हणजे मर्यादेबाहेर. दर कितीही असो.

कलम मीच लिहिलं होतं. त्यात एवढी जागा आहे हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

गुरुजी आठवले. पण गुरुजींची बहीण कोणी परत पाठवली नव्हती.

२८ फेब्रुवारी

साहेबांच्या खोलीत पाकिटं फोडली. तिन्ही बँकांची माणसं हजर. निळ्या पाटीच्या बँकेकडे आधीच चार कोटी आहेत, त्यामुळे ती नावालाच. पुलाजवळच्या बँकेत आमचं अजून काही नाही; तिचा व्यवस्थापक, ज्याला मी मनात गोडबोल्या म्हणतो, त्याचा दर सात टक्के. 'त्याचा' साडेसात.

पाणीपुरवठ्याचा अभियंता कोपऱ्यात बसला होता, टाकीचे पैसे म्हणून. तो म्हणाला, "चला, साडेसात! अर्धा टक्का म्हणजे वर्षाला दीड लाख. माझ्या खालच्या गल्लीचे नळ निघाले यात."

मी टिपणी पुढे सरकवली. "साहेब, चौकातली बँक मर्यादेबाहेर जाते."

साहेबांनी चष्मा लावला. 'तो' खुर्चीतून पुढे आला. "कशी? ते दोन कोटी आजच मोकळे होतात. या तीनमध्ये तेच आहेत."

"आज आत्ता ते कुठे आहेत?"

"आमच्याकडे. पण..."

"कलम वाचा."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. त्याच बोटांनी कडी लावली होती.

"हे तुम्ही दरवेळी असं मोजता?" त्याने विचारलं. सगळ्यांसमोर. हळू.

 साहेब माझ्याकडे वळले. "बरोबर आहे ना हो?"

"कलमाप्रमाणे आहे, साहेब."

"मग झालं. तेवीस वर्षांत हा माणूस चुकलेला नाही," साहेब सगळ्यांना म्हणाले आणि सही केली. तीन कोटी पुलाजवळ. गोडबोल्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. अभियंता जाताना पुटपुटला, "नियम आहे तर आहे बाबा. गल्ली आणखी वर्षभर हंडे वाहील."

तो सगळ्यांत शेवटी उठला. दारात माझ्याजवळ थांबून म्हणाला, "माझं जाऊ द्या. तुम्ही घरी विचारायला हवं होतं."

अजून मिजास आहे.

संध्याकाळी प्रार्थना केली. शेवटचं वाक्य म्हटलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. गरज नव्हती.

१ मार्च

वाक्याशिवाय प्रार्थना फार लवकर संपते.

९ मार्च

मामाने बातमी आणली. चौकातल्या शाखेचे कर्जाचे अधिकार काढले, आणि त्याची बदली झाली, लांब कुठेतरी, हाताखालच्या जागेवर. "टाय उतरला म्हणायचा," मामा म्हणाला.

मी घरी जाताना मिठाईचा पुडा घेतला. बारा वर्षं वाट बघितली होती हे सांगायची. धाकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून काहीतरी उसवत होती. मी पुडा तिच्यापुढे ठेवला. "घे. तो गेला."

"कोण?"

"तोच. इथे आला होता, चौकातल्या बँकेत. मी तुला सांगितलं नाही. आज त्याचं सगळं गेलं. आणि कोणी घालवलं माहीत आहे? तुझ्या भावाने. नियमाने. एक पैसा इकडचा तिकडे नाही."

तिने उसवायचं थांबवलं. पुडा उघडला नाही. हिच्याकडे बघितलं, हिने मान खाली घातली.

"म्हणजे ठेव तू काढलीस," धाकटी म्हणाली.

"तुला ठेवीचं काय माहीत?"

"माझा अर्ज परत आला आज. गाळ्याचा. सहा मशिनं, कापायचं टेबल, सगळं धरून. मंजूर झाला होता, दादा. पैसे यायचे बाकी होते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "त्याच्याकडे? तू त्याच्या दारात गेलीस?"

"बँकेच्या दारात गेले. बँक सगळ्यांची असते ना?"

"अगं, ज्याने तुला टाकलं..."

"मला कोणी टाकलं नाही."

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की जणू मीठ कमी आहे असं सांगते आहे. "मी निघाले. मी माझी बॅग भरली आणि मी आले. तू दारातच म्हणालास, हाकललं ना तुला, आणि तुझा चेहरा बघून मी नाही म्हणाले नाही. तेवढंच चुकलं माझं. मग तू सगळ्यांना तेच सांगत राहिलास. बारा वर्षं मी तुझ्या घरात टाकलेली म्हणून राहिले."

"का निघालीस पण?"

"पटत नव्हतं."

"एवढंच?"

"एवढं पुरत नाही का?"

 मग माझ्या तोंडून निघालं, "आणि मशीन? ते नाही दिलं त्याने."

"ते मी त्याच्या आईला दिलं होतं. तिनेच मला कापायला शिकवलं. कोणी मागायला आलं तरी देऊ नका, असं मीच सांगून आले होते." ती थोडी हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "ती तेव्हा आत आजारी पडली होती आणि तू फाटकात उभा राहून गल्ली गोळा केलीस."

ही मध्ये पडली. "अहो, आता जेवून घ्या."

मी धाकटीला म्हटलं, "माझ्याकडे मागायचं होतंस. मी जामीन राहिलो असतो."

"म्हणून तर तिथे गेले," ती म्हणाली. "या गावात तुझी सही न मागता मला पैसे देणारा एकच माणूस होता. सहा वर्षं बघितलंय त्याने मला. म्हणाला, तू कोणाचं देणं ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि बाकी सगळं नियमात बसतंय."

मिठाईचा पुडा अजून तिथेच आहे. धाकटी भलेपणाने त्याच्या वागण्यावर पांघरूण घालते आहे, असं मी दोन तास स्वतःला सांगून पाहिलं.

१४ मार्च

मला राहवेना. धाकटीला घेऊन पुलाजवळच्या बँकेत गेलो. ती येत नव्हती, हिने पाठवलं.

गोडबोल्या खुर्चीतून उठून दारापर्यंत आला. "या, या! अहो, तुमच्या ताई म्हणजे आमच्याच ताई. अर्ज वगैरे नंतर भरू. केवढी रक्कम हवी ते बोला. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, आम्ही एवढंही करायचं नाही?"

मी म्हटलं, "मी काही केलं नाही. नियमाने झालं."

"अहो, तेच ते!" तो हसला आणि डोळा बारीक केला.

धाकटी बसलीच नव्हती. तिने विचारलं, "माझा हिशोब बघायचा नाही का तुम्हाला? महिन्याला किती शिवून होतं, भाडं किती?"

"ताई, तुमचा हिशोब कशाला? दादा आहेत ना."

तिने पदर सावरला, "थँक्यू" म्हणाली आणि बाहेर पडली. मी मागे धावलो. पुलावर गाठलं. म्हणाली, "टाकीच्या पैशांवर मला गाळा नको, दादा." आणि पुढे चालायला लागली. मी तिच्या मागे दहा पावलं ठेवून घरी आलो. लहानपणी शाळेतून येताना ती माझ्यामागे अशी यायची.

२६ मार्च

लेखापरीक्षक आले आहेत. तीन दिवस मनात घोळवून आज मी त्यांच्या टेबलाजवळ गेलो. साहेबही होते.

"ती अठ्ठावीसची टिपणी," मी म्हटलं, "त्यात मी जुनी ठेव दोनदा धरली आहे. एकदा बँकेत आणि एकदा नव्या रकमेत. मी आजवर असं मोजत नव्हतो. ते बरोबर नाही."

लेखापरीक्षक तरुण आहेत, पण सावकाश वाचतात. त्यांनी टिपणी वाचली, कलम वाचलं. "चूक नाही ही. हे तर जास्त सावध झालं. समजा त्या दिवशी बँकेने जुनी ठेव परत केलीच नसती? नवीही अडकली असती आणि जुनीही. मला आवडलं हे."

"पण पालिकेचं दीड लाख व्याज..."

"सुरक्षितता आधी, व्याज नंतर. तुम्हीच तर शिकवता सगळ्यांना," साहेब म्हणाले. "उगाच मनाला लावून घेता तुम्ही. देवमाणूस आहात."

मी म्हटलं, "साहेब, मी ते सावधपणाने केलं नव्हतं."

"मग कशाने?"

तोंड उघडलं. दोघं माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते. मामा चहा घेऊन आला. चहा घेतला आणि परत जागेवर आलो.

२ एप्रिल

सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. मागे पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि पुढे तो. टाय नाही. साधा सदरा.

मी फाटकापाशी पोचलो आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो. तो बाहेर, मी आत. ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं. या घटकेची मी किती वर्षं वाट बघितली होती ते या वहीच्या आधीच्या वह्यांत लिहिलेलं आहे.

"मशीन आणलंय," तो म्हणाला. "आई मागच्या वर्षी गेली. जाताना म्हणाली होती, तिचं तिला द्या. आधीच द्यायचं होतं, पण अर्ज चालू असताना माझ्याकडून काही घेतलं असं दिसायला नको, म्हणून थांबलो."

माझा हात कडीवरच राहिला. अडवायला ठेवला होता की काढायला, खरंच सांगता येत नाही.

मागून धाकटी आली, माझा हात बाजूला केला आणि कडी काढली.

"तुझ्या आईचं कळलं होतं मला. त्रास झाला का फार?"

"नाही. शेवटपर्यंत शिवत होती. शेवटी शेवटी सगळं वाकडं यायचं, पण शिवायची."

"पट्टा बदललास?"

"नवा घातलाय. तेल दिलंय. पायाजवळ थोडा आवाज करतं."

"ते पहिल्यापासूनच करतं." मग ती म्हणाली, "बस ना, पाणी तरी घे."

"नको, सामान भरायचंय. उद्या निघतो." माझ्याकडे वळून त्याने हात जोडले. "येतो, दादा."

मी 'या' म्हणालो की नाही, आठवत नाही. दोघं बोलत होते ते एका गावच्या दोन ओळखीच्या माणसांसारखं. त्यात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. ज्या भांडणासाठी मी बारा वर्षं देवाला कामाला लावलं, ते भांडण त्या दोघांकडे नव्हतंच. माझ्याकडेच होतं.

टेम्पोवाला म्हणाला, "मशीन कुठे उतरवू?"

धाकटी म्हणाली, "इथे नको. बाजारामागच्या गल्लीत. खोली घेतली आहे मी, जिन्याखालची. तिथेच राहणार आहे." सहा मशिनांचा गाळा झाला नाही, एका मशीनची खोली झाली. बाकीच्या पाचजणी जिथे होत्या तिथेच.

हिला आधीपासून माहीत होतं. तिने डबा भरून ठेवला होता.

१५ एप्रिल

आज परिपत्रक आलं. लेखापरीक्षकांच्या शिफारशीवरून आसपासच्या सगळ्या पालिकांना. 'मर्यादा मोजताना त्याच दिवशी मुदत भरणारी ठेवही धरावी. ही दक्ष पद्धत सर्वांनी अवलंबावी.' खाली आमच्या पालिकेचा उल्लेख. साहेबांनी ते काचेच्या फळ्यावर लावलं. मामाने माझ्यासाठी जास्त साखरेचा चहा आणला.

म्हणजे आता प्रत्येक गावात कोणीतरी माझ्यासारखाच माणूस एक खडा दोनदा मोजेल, मान खाली घालून, प्रामाणिकपणे. त्याला वाटेल हा शहाणपणाचा नियम आहे. कुठे एखाद्या गल्लीचे नळ राहतील, आणि का राहिले ते तिथे कोणाला कळणार नाही.

घरी येताना बाजारामागून आलो. जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं होतं. पायाजवळ आवाज करतं म्हणाला ते खरं आहे. मी आत गेलो नाही. तिने बोलावलं असतं तर गेलो असतो. तिने बघितलं, हाताने 'थांब' अशी खूण केली, शिवण संपवली, दोरा तोडला आणि दुसरं कापड घेतलं. बहुतेक विसरली. थोडा वेळ थांबून मी निघालो.

संध्याकाळी देवासमोर बसलो. प्रार्थना म्हटली. मग सवयीने ते शेवटचं वाक्य ओठांवर आलं. 'देवा, त्याच्याकडे बघ' म्हणायला तोंड उघडलं, आणि कोणाकडे बघावं हे मला त्याला सांगता येईना.

तसाच बसून राहिलो. तो बघत असेल तर आत्ता समोर मीच होतो.